हँडशेक तुटतोय? आधी सह्यांची यादी बघा

टीएलएस म्हणजे दोन यंत्रांमधला संवाद कूटबद्ध करायची पद्धत, आणि हँडशेक म्हणजे त्याआधीची दोघांची ओळखपाळख. हे कनेक्शन जुळलं नाही की बहुतेक जण सर्टिफिकेटला, म्हणजे सर्व्हरच्या डिजिटल ओळखपत्राला, धरतात. मुदत संपली का, नाव चुकलं का, मधलं सर्टिफिकेट लावायचं राहिलं का. हे सगळं तपासून ठीक निघतं, तरी हँडशेक मोडतोच. मग कुणीतरी नवीन सर्टिफिकेट विकत घेतं आणि तेही चालत नाही. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यांची नेटवर्कं सांभाळणं हे माझं काम. असा फोन आला की मी पहिल्यांदा विचारते, समोरच्या यंत्राने आपल्याला चालणाऱ्या डिजिटल सह्यांची कोणती यादी पाठवली? त्या यादीत दोन्ही टोकांना चालेल अशी एकही पद्धत नसेल, तर सर्टिफिकेट कितीही महागाचं असो, कनेक्शन होणार नाही.

मी वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकले. सयाजीरावांनी ते १८९० साली काढलं, यंत्रं आणि कारागिरी इथल्या लोकांना त्यांच्या भाषेत शिकता यावी म्हणून. माझ्या हाताखाली येणाऱ्या मुलांना मी हा विषय मराठीतून नाहीतर गुजरातीतून समजावते, आणि तो त्यांच्या डोक्यात राहतो. म्हणून इथेही तसंच सांगते. आज्ञा आणि त्रुटींची वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

सह्या दोन जातींच्या

आधी हे पक्कं करा, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. एका टीएलएस कनेक्शनमध्ये दोन वेगळ्या सह्या असतात. पहिली सही सर्टिफिकेटवरची. ती सीएने, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने, ते देताना एकदाच केलेली असते, आणि ब्राउझरमध्ये सर्टिफिकेट उघडलं की ‘सिग्नेचर अल्गोरिदम’ म्हणून जे दिसतं ते तिच्याबद्दल असतं. दुसरी सही ताजी. सर्व्हर प्रत्येक पूर्ण हँडशेकमध्ये आपल्या खासगी किल्लीने ती तिथल्या तिथे करतो आणि सर्टिफिकेट ज्याच्या नावाचं आहे तो मीच, हे सिद्ध करतो.

दोन्हींच्या पद्धती वेगळ्या असू शकतात. आरएसए आणि ईसीडीएसए या सही करायच्या दोन गणिती पद्धती. सीएने आरएसए किल्लीने सही केलेली असते आणि सर्टिफिकेटच्या आतली सर्व्हरची किल्ली ईसीडीएसएची असते, असं सर्रास आढळतं. त्यामुळे ‘आमचं सर्टिफिकेट शा-२५६ आरएसएचं आहे’ या वाक्यावरून हँडशेकमध्ये काय होईल ते काहीच कळत नाही. सर्व्हरची किल्ली कोणत्या जातीची आहे, ते विचारा. यातलं शा-२५६ हे हॅशचं नाव. हॅश म्हणजे मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा, सही सहसा त्याच्यावर होते.

टीएलएस १.२ मध्ये ही ताजी सही ‘सर्व्हर की एक्स्चेंज’ या संदेशात असते आणि दोन्ही बाजूंचे यादृच्छिक आकडे व डिफी-हेलमनचे, म्हणजे गुप्त किल्ली ठरवायच्या पद्धतीचे, पॅरामीटर यांच्यावर केलेली असते. टीएलएस १.३ ने ती जास्त कडक केली. तिथे ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय’ नावाचा वेगळा संदेश आहे, आणि सही होते ती तोवरच्या सगळ्या संवादाच्या हॅशवर. त्या हॅशच्या आधी ६४ मोकळ्या जागा आणि ही सही सर्व्हरची की क्लायंटची हे सांगणारं एक ठरलेलं वाक्य जोडलेलं असतं. त्यामुळे एका ठिकाणी केलेली सही उचलून दुसऱ्या ठिकाणी खपवता येत नाही. मला हा बदल फार आवडतो. इतक्या लहानशा तरतुदीने फसवणुकीची एक अख्खी वाट बंद झाली.

यादी कोण देतं, निवड कोण करतं

क्लायंट, म्हणजे जोडायला येणारं यंत्र, आपल्या पहिल्याच संदेशात, म्हणजे ‘क्लायंट हॅलो’मध्ये, १३ क्रमांकाचं एक्स्टेंशन, म्हणजे जादा माहितीचा तुकडा, पाठवतो. मला कोणत्या सह्या तपासता येतात आणि कोणत्या चालतील, त्यांची पसंतीक्रमाने लावलेली ही यादी. सर्व्हरने त्यातलीच, आणि आपल्या किल्लीला जमेल अशीच, एक पद्धत उचलायची. लग्नाच्या याद्या करताना दोन्ही घरं समोरासमोर बसून घासाघीस करतात, इथे तशी सोय नाही. एकाने यादी ठेवायची, दुसऱ्याने त्यातलं एक उचलायचं किंवा उठून जायचं. सर्व्हर उठून गेला की क्लायंटला ४० क्रमांकाचा अलर्ट मिळतो, ‘हँडशेक फेल्युअर’. हाच अलर्ट इतरही कारणांनी येतो, म्हणून एकट्या त्याच्यावरून निदान करू नका.

सर्व्हरने क्लायंटकडे सर्टिफिकेट मागितलं तर भूमिका उलटतात. मग सर्व्हर ‘सर्टिफिकेट रिक्वेस्ट’मध्ये आपली यादी देतो आणि क्लायंटने त्यातून निवडायचं. पुढे टोकनची गोष्ट सांगणार आहे, तिथे हे लागेल.

यादीतली प्रत्येक नोंद दोन बाइटची. टीएलएस १.२ मध्ये पहिला बाइट हॅशचा आणि दुसरा सहीच्या जातीचा. ०४०१ म्हणजे शा-२५६ आणि आरएसए, ०४०३ म्हणजे शा-२५६ आणि ईसीडीएसए, ०२०१ म्हणजे शा-१ आणि आरएसए. टीएलएस १.३ ने तेच आकडे ठेवले, पण दोन्ही बाइट मिळून एकच नाव मानलं. ईसीडीएसए गणितातल्या एका वक्रावर चालते, आणि तिथे ०४०३ म्हटलं की पी-२५६ याच वक्रावरची ईसीडीएसए, दुसऱ्या वक्राला मुभा नाही. ०८०४ म्हणजे आरएसए-पीएसएस, आरएसए सहीची नवी रचना, शा-२५६ सह. ०८०७ म्हणजे एड-२५५१९ ही आणखी एक पद्धत.

लक्षात ठेवायची नोंद आहे ०४०१. टीएलएस १.३ च्या यादीतही ती दिसते, पण तिथे ती फक्त सर्टिफिकेटवरच्या सहीसाठी चालते. ताज्या सहीसाठी आरएसए किल्ली असेल तर पीएसएसच लागतं, ०४०१ ची जुनी रचना, पीकेसीएस-१, चालत नाही. ‘आरएसए तर दोघांकडे आहे, मग अडलं कुठे?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इथे सापडतं. ज्या क्लायंटला दोन्ही सह्यांसाठी वेगवेगळ्या याद्या द्यायच्या असतील त्याच्यासाठी ५० क्रमांकाचं वेगळं एक्स्टेंशन आहे. ते नसेल तर १३ ची यादी दोन्हींना लागू.

जुनी यंत्रं इतकी का अडतात, तेही सांगते. २००८ साली टीएलएस १.२ येईपर्यंत निवडीचा प्रश्नच नव्हता. आरएसएची सही एमडी-५ आणि शा-१ या जुन्या हॅशच्या जोडीवर व्हायची, बस. १.२ ने यादी आणली, पण एक पळवाटही ठेवली. क्लायंटने यादी दिलीच नाही तर त्याला शा-१ चालतं असं सर्व्हरने समजायचं. पुढे २०१६ मध्ये भार्गवन आणि ल्युरां या संशोधकांनी ‘स्लॉथ’ हल्ला मांडला आणि हँडशेकमधल्या कमकुवत हॅशचा गैरफायदा कसा घेता येतो ते दाखवलं. २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी एकच शा-१ हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फायली जगासमोर ठेवल्या. डिसेंबर २०२१ मध्ये आरएफसी ९१५५ या इंटरनेट मानकाने टीएलएस १.२ च्या सह्यांतून एमडी-५ आणि शा-१ दोन्ही काढून टाकले, आणि यादी न देणाऱ्या क्लायंटला परत पाठवा असं सांगितलं. त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या ओपनएसएसएल ३.० ने, म्हणजे लिनक्सवर टीएलएस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने, नेहमीच्या सुरक्षा पातळीवर शा-१ ची सही नाकारायला सुरुवात केली होती. म्हणून वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेलं यंत्र सर्व्हरचं लिनक्स बदलल्या दिवशी गप्प होतं.

प्रत्यक्ष बघायचं कसं

सर्व्हरवर टीसीपीडम्प या साधनाने टीएलएसच्या ४४३ पोर्टची वाहतूक फाइलमध्ये घ्या, यंत्राला एकदा जोडायला लावा आणि फाइल वायरशार्क या वाहतूक वाचून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा. गाळणीत ‘टीएलएस डॉट हँडशेक डॉट टाइप’ बरोबर १ असं लिहिलं की फक्त क्लायंट हॅलो उरतात. त्यात एक्स्टेंशन उघडत ‘सिग्नेचर अल्गोरिदम्स’पर्यंत जा. सगळी यादी नावांसकट समोर येते. ती जशीच्या तशी वहीत उतरवून घ्या.

क्लायंट हॅलो साधारणपणे उघडाच जातो, म्हणून तो दिसतो. टीएलएस १.२ मध्ये सर्व्हरने कोणती सही निवडली तेही दिसतं. १.३ मध्ये मात्र सर्व्हर हॅलोच्या पुढचं सगळं कूटबद्ध असतं. तिथे सर्व्हरची सही किंवा त्याने क्लायंटकडे केलेली मागणी बघायची तर क्लायंटच्या संगणकावर ‘एसएसएलकीलॉगफाइल’ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून सत्राच्या किल्ल्या फाइलमध्ये घ्याव्या लागतात आणि ती फाइल वायरशार्कला द्यावी लागते. काम झालं की ती फाइल लगेच पुसून टाका. ती हाती लागली तर कुणीही तो सगळा संवाद वाचू शकेल.

दुसरं साधन ओपनएसएसएलचं ‘एस_क्लायंट’. ‘-कनेक्ट’पुढे सर्व्हरचं नाव आणि पोर्ट, ‘-सर्व्हरनेम’पुढे पुन्हा नाव. उत्तरात ‘पीअर सायनिंग डायजेस्ट’ आणि ‘पीअर सिग्नेचर टाइप’ अशा दोन ओळी शोधा. ताज्या सहीसाठी काय ठरलं ते तिथे लिहिलेलं असतं. सर्व्हर क्लायंटचं सर्टिफिकेट मागत असेल तर ‘रिक्वेस्टेड सिग्नेचर अल्गोरिदम्स’ ही त्याची यादीही तिथेच छापली जाते.

खरी गंमत ‘-सिगअल्ग्ज’ या पर्यायात आहे. त्याच्यापुढे तुम्हाला हवी ती यादी द्या, म्हणजे एस_क्लायंट त्या यादीचा क्लायंट बनून सर्व्हरकडे जातो. वहीत उतरवलेली यंत्राची यादी इथे लावा, ‘-टीएलएस१_२’ किंवा ‘-टीएलएस१_३’ने आवृत्ती बांधून घ्या, आणि बिघाड तुमच्या टेबलावर पुन्हा घडवा. यादीत शा-१ असेल तर नवीन ओपनएसएसएल ते स्वतःच गाळून टाकतं, तेव्हा सायफरच्या, म्हणजे कूटबद्ध करायच्या पद्धतींच्या, ओळीत ‘@सेकलेव्हल=०’ जोडावं लागतं, तेही फक्त चाचणीपुरतं. बिघाड असा परत घडवता आला की निदान झालं म्हणायचं. त्याआधी सर्व्हरच्या कॉन्फिगला हात लावू नका.

त्रुटींची वाक्यंही नीट वाचायला शिका. सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘नो शेअर्ड सिग्नेचर अल्गोरिदम्स’ आलं तर दोन्ही याद्यांत काहीच समान नाही. ‘नो सुटेबल सिग्नेचर अल्गोरिदम’ म्हणजे समान काहीतरी आहे, पण हातातल्या किल्लीला ते जमत नाही. क्लायंटकडे ‘राँग सिग्नेचर टाइप’ दिसलं तर त्याने न मागितलेली किंवा त्याला मंजूर नसलेली सही त्याच्यापुढे आली. ‘सीए एमडी टू वीक’ ही तक्रार मात्र पहिल्या जातीच्या सहीची, सर्टिफिकेटच्या साखळीत कुठेतरी शा-१ बसलंय. आणि एक फसवं वाक्य आहे, ‘नो शेअर्ड सायफर’. टीएलएस १.२ मध्ये सर्व्हरकडे फक्त ईसीडीएसएचं सर्टिफिकेट असेल आणि क्लायंटच्या यादीत ईसीडीएसए नसेल, तर सर्व्हर ते सर्टिफिकेट बाद धरतो, त्याबरोबर त्याचे सायफरही बाद होतात, आणि लॉगमध्ये सायफरच्या नावाने बोंब होते. मूळ दुखणं सहीचं असतं.

वजनकाट्याचा डबा

एका कारखान्यात गेटवरच्या वजनकाट्याला एक डबा जोडलेला होता. भरलेल्या ट्रकचं वजन तो ऑफिसच्या सर्व्हरला पाठवायचा आणि त्यावरून डिस्पॅचची चलनं निघायची. सर्व्हरवर नवीन लिनक्स चढलं आणि वजनं यायची थांबली. माझ्याकडे शिकणारा मुलगा तिथूनच फोनवर होता.

“ताई, सर्टिफिकेट नवीन लावलं, तरी तेच.”

“सर्टिफिकेट राहू दे. डबा काय मागतोय ते दाखव.”

त्याने पाठवलेल्या फाइलमध्ये डब्याचा क्लायंट हॅलो होता. टीएलएस १.२, आणि १३ नंबरच्या यादीत दोनच नोंदी: ०२०१ आणि ०२०३. दोन्ही शा-१. सर्व्हरच्या यादीत शा-१ नाही. समान असं काहीच उरलं नव्हतं.

शेठ म्हणाले, “ताई, सर्व्हरला थोडं जुन्यासारखं करून टाका ना, ट्रक उभे आहेत.” हे करता आलं असतं. सुरक्षा पातळी शून्यावर आणली की डबा जोडला गेला असता. पण त्याच सर्व्हरवर पगारपत्रक होतं, ग्राहकांच्या ऑर्डरी होत्या, आणि बाहेरून लॉगिन करणारी माणसंही होती. गेटवरच्या एका डब्यासाठी सगळ्यांचं दार सैल करायला मी तयार नव्हते, आणि अशा वेळी तुम्हीही तयार होऊ नका.

आम्ही डब्याशेजारी दोन नेटवर्क पोर्ट असलेला एक छोटा संगणक ठेवला. एका पोर्टातून केबल थेट डब्यात, मध्ये स्विचसुद्धा नाही. दुसरा पोर्ट ऑफिसच्या नेटवर्कला. त्यावर स्टनेल, म्हणजे एका बाजूचं टीएलएस उघडून दुसऱ्या बाजूला नव्याने बांधणारा प्रोग्राम, बसवून डब्याकडची बाजू सैल ठेवली आणि सर्व्हरकडची बाजू टीएलएस १.३ वर घट्ट केली. शा-१ ची सही आता त्या एका हातभर केबलपुरती उरली. हे काम एचएप्रॉक्सी किंवा एनजिनएक्स या सर्व्हर प्रोग्रामनेही होतं. फक्त मधल्या संगणकावर लिनक्स कोणतं घालताय ते बघा. रेड हॅट ९ सारखी वितरणं स्वतःच्या धोरणानेच शा-१ ची सही अडवतात, तिथे नुसती सुरक्षा पातळी उतरवून भागत नाही.

डब्याच्या बनवणाऱ्याकडे नवीन फर्मवेअर असेल तर अर्थात आधी तेच. इथे ते नव्हतं.

अशा वेळी कुणी सुचवेल की साधं आरएसए की-एक्स्चेंज चालू करा, त्यात सर्व्हरला सहीच करावी लागत नाही. खरं आहे. त्यात क्लायंट आपलं गुपित सर्व्हरच्या किल्लीने कूटबद्ध करून पाठवतो आणि ताजी सही लागतच नाही. पण त्या पद्धतीत पुढे कधी सर्व्हरची किल्ली चोरीला गेली तर आधी साठवून ठेवलेला सगळा संवादही उघडा पडतो. टीएलएस १.३ ने ती पद्धत म्हणूनच काढून टाकली. ती परत आणू नका.

टोकनवाल्यांची अडचण

दुसरा प्रकार दिसायला तसाच, पण त्याचा उपाय वेगळा. काही पोर्टलवर यूएसबी टोकनमधल्या सर्टिफिकेटने लॉगिन करावं लागतं. तिथे सही टोकन करतं, कारण खासगी किल्ली टोकनच्या बाहेर येतच नाही. जुन्या टोकनला किंवा त्याच्या ड्रायव्हरला आरएसए-पीएसएस येत नाही. सर्व्हर १.३ वर गेला की पीएसएस मागतो, टोकन पीकेसीएस-१ पुढे करतं, आणि लॉगिन तुटतं. ओळखायची खूण अशी की त्याच सर्व्हरशी टीएलएस १.२ वर लॉगिन होतं आणि १.३ वर होत नाही.

पहिल्यांदा ड्रायव्हर अद्ययावत करा, पुष्कळदा तेवढ्याने काम होतं. नाही झालं तर टोकनचं लॉगिन वेगळ्या पत्त्यावर न्या आणि टोकन बदलेपर्यंत तो एकच पत्ता टीएलएस १.२ वर ठेवा, यादीत आरएसए शा-२५६ ठेवून. वजनकाट्यापाशी मी अडून बसले आणि इथे सूट देते, याला कारण आहे. शा-१ ची सही मोडलेली आहे. शा-२५६ वरची पीकेसीएस-१ सही फक्त जुनी झाली आहे. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत.

सर्व्हर नव्याने लावताना

शक्य असेल तर दोन सर्टिफिकेटं लावा, एक ईसीडीएसए पी-२५६ चं आणि एक आरएसए २०४८ चं. एनजिनएक्समध्ये आवृत्ती १.११.० पासून एकाच सर्व्हर ब्लॉकमध्ये ‘एसएसएल_सर्टिफिकेट’च्या दोन ओळी चालतात. ज्याच्या यादीत ईसीडीएसए आहे त्याला ते मिळतं, बाकीच्यांना आरएसए. सर्व्हरची यादी स्वतः आखायची तर ‘एसएसएल_कॉन्फ_कमांड’ आणि त्यापुढे ‘सिग्नेचरअल्गोरिदम्स’. अपाचेमध्ये तेच ‘एसएसएलओपनएसएसएलकॉन्फसीएमडी’ने. पण कारण नसताना ही यादी हाताने आखू नका असं माझं मत आहे. ओपनएसएसएलची स्वतःची यादी आवृत्तीबरोबर सुधारत जाते, तुम्ही लिहिलेली तिथेच राहते.

१०२४ बिटांची आरएसए किल्ली कुठे उरली असेल तर ती कमकुवत म्हणून बदलायचीच आहे. शिवाय तिच्यात शा-५१२ ची पीएसएस सही मावतही नाही. त्या सहीला किमान १३० बाइट लागतात आणि किल्ली १२८ बाइटांची.

घरच्या सीएचं मूळ सर्टिफिकेट शा-१ चं आहे म्हणून घाबरून फोन करणारेही असतात. मूळ सर्टिफिकेटवर विश्वास असतो तो आपण ते स्वतः यंत्रात बसवलं म्हणून, त्याने स्वतःवर केलेली सही त्यासाठी तपासली जात नाही. बघायची ती त्याच्या खालची सर्टिफिकेटं.

नवीन यंत्र खरेदी करताना विक्रेत्याला नुसतं ‘टीएलएस १.२ आहे का’ असं विचारू नका. वजनकाट्याच्या डब्यातही १.२ होतं. क्लायंट हॅलोमधली सह्यांची यादी लेखी मागा. टीएलएस १.३ आणि आरएसए-पीएसएस आहे का, ईसीडीएसए पी-२५६ आहे का, फर्मवेअरची सुरक्षा दुरुस्ती किती वर्षं मिळणार, आणि नवीन पद्धत त्या फर्मवेअरमधून आत घालता येईल का, हेही लिहून घ्या. शेवटचा प्रश्न आता खरंच लागणार आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने क्वांटम संगणकालाही पुरून उरेल अशी एमएल-डीएसए ही सही मानक म्हणून जाहीर केली, आणि २०२५ च्या ओपनएसएसएल ३.५ मध्ये ती आली. आरएसए २०४८ ची सही २५६ बाइटांची असते. एमएल-डीएसएची सगळ्यात लहान सहीसुद्धा २४२० बाइटांची आहे, आणि साखळीतल्या प्रत्येक सर्टिफिकेटबरोबर अशी एक सही येणार. ज्या डब्याची मेमरी आजच अपुरी आहे त्याला ते पेलणार नाही, म्हणून दरपत्रकावर मेमरीचा आकडाही मागून घ्या.